अर्धी पावती

माझ्या धाकट्या भावाला घरातले सोडून सगळे टेंपो म्हणतात, आणि खरं सांगायचं तर घरातलेही म्हणतात. हे नाव शाळेत पडलं. बाकं हलवायची असली, मास्तरांचं कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं असलं, की 'टेंपोला बोलवा.' तोही आनंदाने जायचा. अंगाने दांडगा आणि मनाने मऊ, अशी माणसं जगाला फार सोयीची असतात.

पुढे तो काटेवाला झाला. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी काटा, त्यावर अख्खा ट्रक चढतो, आणि बाजूच्या काचेच्या खोलीत बसून टेंपो त्याचं वजन सांगतो. ट्रक आधी रिकामा तोलायचा, माल भरून आला की पुन्हा तोलायचा, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. पहिल्या तोलाला पावती निम्मीच छापली जाते. उरलेली निम्मी ट्रक परत आल्यावर. अशा अर्ध्या पावत्या टेंपो खिडकीजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवतो, आणि खिळा रिकामा झाल्याशिवाय काटा बंद करत नाही. पलीकडच्या रस्त्यावरचा काटेवाला वेळ संपली की कुलूप लावून मोकळा होतो, ड्रायव्हरला उद्या ये म्हणतो. आमचा हा दिवा लावून बसून राहतो. गाडी निघाली म्हणजे ती येणारच, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्यापायी त्याचं ताट गार व्हायचं आणि आई दारात उभी राहून त्या अनोळखी ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

दिवसभर दुसऱ्यांची वजनं सांगणारा हा माणूस स्वतःच्या वजनाचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघायचा. एकदा ड्रायव्हरांनी त्याला चेष्टेत काट्यावर उभं केलं. ट्रकचा काटा दहा-दहा किलोंनी सरकतो, त्यामुळे नक्की आकडा काही कळला नाही. 'माझ्या बाबतीत काटा मोघम बोलतो,' असं तो घरी येऊन म्हणाला आणि पोट हलेपर्यंत हसला. मी हसले नाही. मी शिवणाची शिक्षिका आहे. त्याच्या शर्टांना बगलेखाली जादा पट्ट्या मीच जोडते, आणि एका पट्टीच्या दोन झाल्या तेव्हा माझ्यासाठी त्यात मोघम काही उरलं नव्हतं.

खरी भीती मात्र शर्टात नव्हती, त्याच्या झोपेत होती. सुट्टीच्या दुपारी तो खुर्चीतच झोपायचा, घोरायचा, आणि मधेच घोरणं बंद पडायचं. श्वासही. समोर गृहपाठ करत बसलेली त्याची मुलगी, माझी भाची, पेन्सिल हवेत धरून ऐकत राहायची. फार वेळ झाला की पट्टीने त्याला ढोसायची. तो दचकून मोठा श्वास घ्यायचा, 'झोपू दे गं,' म्हणायचा आणि परत झोपायचा. इतक्या लहान पोरीला बापाचा श्वास राखत बसावं लागायचं.

मग एके दिवशी तो कामावरच झोपला. काट्यावर ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि काचेच्या आत हा मान टाकून बसलेला, ओठ काळेनिळे. ड्रायव्हरने आत शिरून त्याला गदागदा हलवलं म्हणून तो उठला. दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या भावजयीने त्याला दोन्ही दंडांना धरून डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. साखर, गुडघे, श्वास, सगळ्यांनीच हात वर केलेले. डॉक्टर म्हणाले, जठर लहान करायचं ऑपरेशन करा, नाहीतर एक दिवस हलवायला कुणी जवळ नसेल.

ऑपरेशन हा शब्द आमच्या घरात मोठ्याने उच्चारला जात नाही. आमचे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला चालत गेले होते आणि टेबलावरून परत आले नाहीत. नक्की काय झालं ते कुणी आम्हाला नीट सांगितलं नाही, म्हणून आईने आपलं उत्तर आपणच शोधलं. आदल्या दिवसापासून त्यांना उपाशी ठेवलं होतं. आत नेताना ते आईला म्हणाले होते, 'भूक लागलीय गं.' तेच त्यांचं शेवटचं बोलणं. तेव्हापासून आईच्या लेखी माणूस आजाराने मरत नाही, उपाशी राहिल्याने मरतो. तिने आम्हा दोघांना वाढवलं ते याच एका नियमावर, आणि टेंपोच्या बाबतीत तो नियम जरा जास्तच लागू पडला.

इस्पितळाची पद्धत अशी की ऑपरेशनच्या आधी मनाची तयारी करून घेतात. त्यासाठी एक समुपदेशक बाई होत्या. भावजय कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, तिला रजा मिळेना, म्हणून मी सोबत गेले. बाईंनी त्याला विचारलं, तुम्ही भूक लागली की खाता, की भीती वाटली की? तो नेहमीसारखा हसला. मग हसता हसता थांबला आणि वडिलांच्या ऑपरेशनचा दिवस सांगायला लागला. तेव्हा तो शाळकरी होता. आईने त्याला बाकावर बसवून हातात बिस्किटांचा पुडा दिला होता, बाबा येईपर्यंत खा म्हणाली होती. बातमी आली तेव्हा आम्ही दोघी रडलो. तो खात राहिला, पुडा संपेपर्यंत. हे त्याला आठवत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"यापुढे भीती वाटली की बोलून दाखवायची," बाई म्हणाल्या. "कुणालाही. गिळायची नाही."

त्याने मान डोलावली. मी मनात म्हटलं, एवढं सांगायला शिकावं लागतं होय? माझं हे असंच आहे, जे पटतं त्याचाच मला आधी राग येतो.

आहार सांगणारी मुलगी वेगळी होती, चुणचुणीत आणि कडक. ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे नुसतं पातळ. पाण्यात कालवलेली प्रथिनांची पावडर, साय काढलेलं दूध, गाळलेलं भाज्यांचं सूप. साखर नाही, तेल-तूप नाही, चावायचं काही नाही. औषधाच्या इवल्याशा पेल्यातून घोट घोट प्यायची सवय करायची, कारण नंतर पोटात तेवढीच जागा राहणार. रोज चालायचं. तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या यंत्रात श्वास ओढून चेंडू वर उचलायचे. आणि हे सगळं कशासाठी तेही तिने चित्र काढून दाखवलं. त्याच्या यकृतावर चरबी साठून ते जठरावर पसरलं होतं. उपास घडला की ते आकसतं आणि डॉक्टरांना जागा मिळते. आकसलं नाही आणि तसंच रेटलं, तर ते फाटून रक्तस्राव होऊ शकतो. हे ऐकताना टेंपोने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

आईने सूप करायचं काम आपण होऊन मागून घेतलं. 'मी गाळून देईन, तुम्ही आपापल्या कामाला जा,' म्हणाली. जी बाई पाहुण्याला पाणी द्यायचं तर सोबत काहीतरी खायला देते, ती एका शब्दाने न भांडता गाळलेलं सूप द्यायला तयार झाली. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

ते दिवस वाईट गेले. टेंपो सकाळी थर्मास घेऊन कामावर जायचा, ड्रायव्हर विचारायचे की टेंपो आता पाण्यावर चालतो का. घरी आला की भाची आणि तो समोरासमोर बसून चेंडू उचलायचे. तिचे तिन्ही उचलले जायचे, त्याचा एक. एरवी तो घाबरला की खायचा. आता खायला काही नव्हतं, म्हणून भीती मोकळीच घरभर फिरायची. त्याने भावजयीला नळाचा वॉशर बदलायला शिकवलं. मुलीची सायकल दुरुस्त केली, शाळेच्या सगळ्या वह्यांना कव्हरं घातली, पुढच्या वर्षीच्यासुद्धा. भावजय माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, हे घर आवरतायत की निरोप घेतायत?" मी तिला खोटंच रागावले.

दोन आठवड्यांनी इस्पितळात गेलो. वजन जेमतेम उतरलेलं, आणि सोनोग्राफीत यकृत होतं तिथेच, तसंच. आहारवाली मुलगी म्हणाली की बाहेर काहीतरी खाल्लं जातंय. झालं, माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, माझा भाऊ दोन आठवडे पाण्यावर आहे, तुमचाच काटा तपासून घ्या, तो काटेवाला आहे, त्याला वजनातलं कळतं. टेंपो बुटांकडे बघत होता. डॉक्टरांनी शांतपणे तारीख पुढे ढकलली आणि पुन्हा पहिल्यापासून आहार पाळायला सांगितलं. परत येताना बसमध्ये तो चक्क गुणगुणत होता. मला वाटलं, बिचारा दुःख लपवतोय.

पुढच्याच आठवड्यात माझ्या शाळेला सुट्टी होती. त्याचे शर्ट घ्यायला म्हणून मी सकाळी त्याच्या घरी गेले. त्या दिवशी तो पहाटेच कामावर गेला होता, थर्मास मागून पोचवायचा होता. दार लोटलेलं होतं, स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, त्यामुळे आईला माझी चाहूल लागली नाही. ओट्यावर गाळलेलं सूप तयार होतं, काचेसारखं स्वच्छ. मिक्सरमध्ये उकडलेला बटाटा, साय आणि लोण्याचा हा एवढा गोळा फिरत होता. तो तिने सुपात ओतला, ढवळला आणि थर्मासात भरला. कुंपणच शेत खात होतं. मी गावभर चोर शोधत होते, आहारवालीशी भांडत होते, आणि चोर ओट्यापाशी पदर खोचून उभा होता.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आई ऐकत राहिली. माझा जोर ओसरल्यावर ती म्हणाली, "उपाशी पोटी मी एकाला पाठवलं. दुसऱ्याला नाही पाठवणार."

मग मी तिला ते यकृताचं सांगितलं, जसं चित्र काढून आम्हाला सांगितलं होतं तसं. ती ज्याला ताकद समजत होती तेच त्याच्या पोटात जागा अडवून बसलं होतं. तपासणी झाली नसती आणि डॉक्टरांनी तसंच उघडलं असतं तर त्यानेच घात झाला असता. आई हळूहळू स्टुलावर बसली. थर्मासचं झाकण तिच्या हातातच राहिलं होतं.

"म्हणजे मी त्याला..." एवढंच ती म्हणाली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी गॅस बंद केला, थर्मास उचलला आणि तडक काट्यावर गेले.

काचेच्या खोलीत टेंपो एका ड्रायव्हरशी हुज्जत घालत होता. ड्रायव्हर भरलेला ट्रक तोलताना केबिनमध्येच बसून राहिला होता. सकाळी रिकामा तोलताना खाली उतरला होता, म्हणजे त्याचं स्वतःचं वजनही मालात मोजलं जाणार. टेंपोने त्याला खाली उतरवूनच पुन्हा तोल घेतला, खिळ्यावरची अर्धी पावती काढून पूर्ण केली, हसत त्याच्या हातात दिली. ट्रक गेल्यावर मी थर्मास टेबलावर आपटला आणि आईचा पराक्रम सांगितला. त्याने थर्मासकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"मला माहितीय, ताई. पहिल्या घोटालाच कळलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"दिवसभर मी वजनातल्या चोऱ्या पकडतो," तो म्हणाला. "माझ्या सुपातलं लोणी मला कळणार नाही?"

"मग प्यालास कशाला?"

"तारीख पुढे जावी म्हणून. आईने घातलं, मी काही केलं नाही, असं मनाला सांगायला बरं पडायचं." मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला त्या टेबलावर झोपायचं नाही, ताई. बाबा झोपले तसं."

एवढा मोठा माणूस, खुर्ची भरून बसलेला, आणि आवाज त्या बाकावरच्या पोराचा. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी ज्याच्यासाठी रडते त्यालाच झापते. मी म्हटलं, टेबलावर नाही झोपलास तर खुर्चीत झोपशील, आणि तुझी पोरगी पट्टी हातात घेऊन बसलेली असेल. ती एक दिवस ढोसेल आणि तू उठणार नाहीस.

त्याने थर्मासचं झाकण फिरवून उघडलं. मग म्हणाला, "ते मरण मला कधी दिसलंच नाही. मी झोपलेला असतो. ते तिला दिसतं."

त्याने थर्मास उचलला, बाहेर गेला आणि ते घट्ट, पिवळसर, चविष्ट सूप गटारात ओतून दिलं. मग नळाखाली थर्मास धुतला. वास जाईना म्हणून पुन्हा धुतला.

संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा मी तिथेच होते. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती, सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती. तो तिच्या शेजारी खाली बसला, आणि त्याला खाली बसायला किती त्रास होतो ते आम्हालाच माहीत. तिला दोष देईल, समजूत घालेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "आई, मला फार भीती वाटते."

आई म्हणाली, "मलाही."

वडील गेल्यापासून इतकी वर्षं झाली. या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हणालं नव्हतं. आम्ही एकमेकांना फक्त 'जेवलास का' विचारत आलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून आईने सूप गाळून केलं आणि दोन पेल्यांत ओतलं, एक त्याचा, एक तिचा. ती म्हणाली, तो जे पितो तेच मी पिणार, म्हणजे माणूस मरतो की जगतो ते माझं मलाच कळेल. म्हाताऱ्या बाईने असलं काही करू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी विनवलं. तिने ऐकलं नाही, फक्त भाचीच्या धाकाने दुपारी थोडा भात खायला कबूल झाली. दोघं औषधाच्या पेल्यांतून घोट घोट प्यायचे, मधे थांबायचे, परत प्यायचे. भूक लागली की तो सांगायचा, 'आई, आता भीती वाटतेय, भूक नाही,' किंवा उलट. कधी कधी दोन्ही असायचं. तेही तो सांगायचा. चेंडू दोन वर जायला लागले. शर्टाची एक पट्टी मी उसवली आणि कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

या वेळी यकृत आकसलं होतं. आहारवाली मुलगी खूश झाली. टेंपोने तिला मागच्या वेळचं खरं काय ते सांगून टाकलं, आईचं नाव न घेता, सगळं आपल्या माथी घेऊन. माझं मात्र तिची माफी मागायचं राहूनच गेलं.

ऑपरेशनच्या सकाळी तो आदल्या रात्रीपासून उपाशी होता. हिरव्या झग्याची नाडी मागून बांधता येईना, परिचारिकेने दुसरा झगा आणून दोन जोडले. तो चाकाच्या पलंगावर आडवा झाला आणि त्याचे हात बर्फासारखे गार पडले. भावजय त्याच्या पायांना हात लावून उभी होती. भाचीने विचारलं की आत माझ्या बाबांचा श्वास कोण बघणार, तेव्हा भूल देणारे डॉक्टर म्हणाले की मी बघणार, तेच माझं काम. तिने त्यांना नीट न्याहाळलं आणि मग बाजूला झाली.

त्या मोठ्या दारापाशी पलंग जरा थांबला. आईने वाकून विचारलं, "भूक लागलीय का रे?"

तेच आमच्या बाबांचं शेवटचं बोलणं. टेंपोलाही ते कळलं, त्याचा चेहरा पांढरा पडला. तो खोटं बोलेल असं मला वाटलं.

"लागलीय, आई. आणि भीतीही वाटतेय."

आईने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"लागू दे. तुझी अर्धी पावती माझ्याकडे आहे. तू परत आल्याशिवाय मी काटा बंद करणार नाही."

पलंग आत गेला आणि दार मिटलं. आम्ही समोरच्या बाकावर बसलो. शेजारच्या बाईने भाचीपुढे बिस्किटांचा पुडा धरला. भाचीने आजीकडे बघितलं. आजी म्हणाली, "भूक लागली असेल तर घे." पोरीने विचार केला आणि नको म्हणाली, मग आत्याचा, म्हणजे माझा, हात धरून म्हणाली की मला भीती वाटतेय. मी तिला मांडीवर घेतलं.

सांगितलेली वेळ उलटून गेली. एक परिचारिका घाईघाईने आत गेली, कुणाकडे न बघता. मग दुसरी गेली. मघापासून पुटपुटत जप करणाऱ्या भावजयीचे ओठ थांबले. मी दाराच्या वरचा दिवा बघत राहिले आणि वडिलांच्या वेळी असाच दिवा होता का ते आठवायला लागले, आणि आठवू नये म्हणून फरशा मोजायला लागले. आई हलली नाही. पाणी दिलं तर नको, पाय मोकळे कर म्हटलं तर नको. दिवा लावून बसलेल्या तिच्या लेकासारखी ती दाराकडे तोंड करून बसून होती, कुठल्यातरी ट्रकची वाट बघत.

दार उघडलं तेव्हा आम्ही कुणीच उठलो नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागला, पण नीट झालं. त्यांच्यामागून पलंग आला. टेंपोचे डोळे मिटलेले, नाकाला नळी. आईने बसल्या जागेवरून हात लांब करून त्याच्या ओठांशी बोट धरलं, श्वास लागतोय का बघायला. त्याने एक डोळा कसाबसा उघडला.

"आलो, आई," तो पुटपुटला. "आता काटा बंद कर."

आई उठली. सकाळपासून पहिल्यांदाच उठली, आणि तिला उभं राहता येईना, म्हणून मी आणि भाचीने तिला दोन्ही बाजूंनी धरलं.